रिकाम्या गाडीचे वजन

१४ जून, शनिवार. त्या दिवशी आबांनी औषधांच्या दुकानात एक हजार एकशे पंच्याऐंशी रुपये मोजले आणि ताकदीच्या पावडरीचा एक डबा घेतला. डब्यावर एक गुबगुबीत पोर हसत होते. आबांनी ते चित्र निरखून पाहिले आणि विचारले, "हे असं किती दिवसांत होतं?"

"आबा, चित्राची हमी कंपनी देत नाही," दुकानदार म्हणाला. "फक्त डब्याची देते."

आबांची नात तीन वर्षांची होती. तोंडात दिलेला घास ती गिळायची नाही, गालात साठवून ठेवायची. म्हणून घरात तिला खारूताई म्हणत, आणि हाक मारायची झाली की नुसते खारू. हातापायांच्या काड्या, मानेखाली दोन हाडे, आणि अंगात मात्र वारा भरलेला. दिवसभर या खोलीतून त्या खोलीत भिरभिरायची. "एवढं कोंबतो आपण, पण अंगी काही लागत नाही," असे तिचा बाप रोज म्हणे. शेजारीण तर दारातूनच विचारी, "पोरीला उपाशी ठेवता की काय?" ती हसत विचारी, पण ते हसणे सुनेच्या जिव्हारी लागे.

नुसत्या दिसण्यावर आबा विसंबणारे नव्हते. भंगाराच्या एका मोठ्या आवारात ते तीस वर्षे वजनकाट्यावर होते. सगळे त्यांना काटेवाले आबा म्हणत. जमिनीत बसवलेला मोठा काटा गाड्यांचा होता, आणि त्यांच्या केबिनच्या दाराशी गुडघाभर उंचीचा लोखंडी काटा पोत्यांचा. पत्र्याने भरलेली गाडी यायची, काट्यावर थांबायची, ड्रायव्हर खाली उतरायचा, आबा भरलेल्या गाडीचे वजन घ्यायचे. माल उतरला की तीच गाडी रिकामी तोलायची. भरलेल्यातून रिकामी वजा केली की उरतो तो माल. व्यवहार एवढाच, पण भांडणे रोजची. प्रत्येक ड्रायव्हर म्हणायचा, "रिकाम्या गाडीचं वजन कागदावर लिहिलेलं आहे, तेच धरा. कशाला पुन्हा रांगेत उभं करता?" आणि आबा प्रत्येकाला तेच उत्तर द्यायचे. "बाबा रे, गाडी काल होती तेवढी आज नसते. डिझेल जळतं, चिखल लागतो, टायर झिजतात. रिकामी गाडी दर वेळी नव्याने तोलायची." या एका वाक्यावर मालकाचा आबांवर विश्वास होता.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी आवार अर्धा दिवस चाले, तेव्हा आबा खारूला सोबत नेत. गाड्या बघायला तिला फार आवडे, पण पोत्यांच्या काट्यावर ती एकटी उभी राहत नसे. पाय ठेवला की तो किंचित दबायचा आणि टक्‌ असा आवाज यायचा. ती किंचाळून आबांच्या गळ्यात पडे. म्हणून आबा तिला कडेवर घेऊनच काट्यावर चढत आणि जो आकडा येईल त्यातून एकाहत्तर वजा करीत.

एकाहत्तर हे आबांचे वजन. ते नोकरीला लागले तेव्हा आवारात काटा तपासायची लोखंडी वजने नव्हती. जुने मालक रोज सकाळी आबांनाच पोत्यांच्या काट्यावर उभे करीत आणि एकाहत्तर दिसले की फाटक उघडायला सांगत. "हा माणूस नाही, हा प्रमाण आहे," असे ते आलेल्यागेलेल्याला सांगत. पुढे लोखंडी वजने आली, तरी एकाहत्तर ते एकाहत्तरच राहिले. आबांची बायको म्हणायची, "यांचं सुखातही एकाहत्तर आणि दुखण्यातही एकाहत्तर. खातात ते जातं कुठे, देव जाणे." ती गेली त्या वर्षीही आबांनी एकदा वजन करून पाहिले होते. एकाहत्तर. तेव्हा त्यांना स्वतःचा थोडा रागच आला होता.

तर फेब्रुवारीत खारू तेरा किलोच्या थोडी वर होती. मार्चमध्ये तेराच्या खाली आली. जूनमध्ये साडेअकरा. आबांनी घरी येऊन आकडा सांगितला तेव्हा मुलाच्या हातातला पेला हातातच राहिला.

"आबा, नीट बघितलंत?"

"अरे, गेली तीस वर्षं मी दुसरं काय बघतोय?"

पावडरीचा डबा आला तो असा. खारूने पहिल्या दिवशी दुधाचा एक घोट घेतला, दुसऱ्या दिवशी तो गालात ठेवला आणि तिसऱ्या दिवशी नव्या चादरीवर सोडून दिला.

जेवणाची वेळ म्हणजे घरात रोजची चौकशी समिती. बाप समोर मोबाइलवर हत्तींचे गाणे लावून बसे, आई चमचा धरी आणि आबा हिशेब ठेवत.

"किती घास झाले?"

"सात."

"सात कुठले? मघाचा अजून गालात आहे."

"मग साडेसहा."

"पोट भरलं," खारू म्हणे.

"एवढ्याने पोट भरत नाही."

"भरलं. हे बघ." आणि ती झगा वर करून पोट दाखवी. पोट खरोखरच टम्म दिसे, पण ते पुरावा म्हणून कोणी धरत नसे.

बापाचा जीव जास्त खालीवर होई. तो लहानपणी असाच किडकिडीत होता. शाळेत त्याला काडेपेटी म्हणत, खेळात शेवटपर्यंत कोणी निवडत नसे. आपल्या मुलीला कोणी काडेपेटी म्हणू नये एवढेच त्याला वाटे, आणि त्या वाटण्यापायी तो तिच्या तोंडात पाचवा, सहावा, दहावा घास लोटत राही. आबाही मदत करीत. आपल्या ताटातले उकडलेले अंडे, सफरचंदाच्या फोडी, काकडी ते हळूच खारूकडे सरकवत. "घे बाळा, मला काय करायचंय आता? तुला ताकद हवी." मग स्वतः भात कालवून मऊ करीत आणि चार घासांत हात धुवायला उठत. जानेवारीत मुलाने त्यांना नवी कवळी बसवून दिली होती. त्यामुळे आबा चावायला थोडा वेळ लावतात, एवढेच सर्वांना ठाऊक होते.

सुनेचे म्हणणे वेगळे होते. ती बाजारातल्या एका चपलांच्या दुकानात काम करीत असे आणि लहान मुलांचे गिऱ्हाईक मालक तिच्याकडेच सोपवत. रडणाऱ्या पोराच्या पायातही ती बूट कसा चढवी ते बघण्यासारखे होते.

"आबा, हिचा पाय दोन महिन्यांत एक नंबर वाढला," ती एकदा म्हणाली. "झगे आखूड झाले. वजन घटतंय, तर मग बूट कसे लहान होतायत?"

"पाय वाढतात गं. हाडं वाढतात. अंगावर मांस नको?"

शेवटी तिने खारूला मुलांच्या डॉक्टरांकडे नेले आणि संध्याकाळी विजयी चेहऱ्याने परत आली.

"साडेतेरा किलो! डॉक्टर म्हणाल्या, वयाच्या मानाने अगदी व्यवस्थित. म्हणाल्या, ताटात काय वाढायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू दे. मागे लागाल तर ती जेवणाचाच तिटकारा करील."

आबांनी चष्मा पुसला. "काटा कुठला होता?"

"टेबलावरचा. निळा."

"स्प्रिंगचा असणार. त्यावर तपासणीचा शिक्का होता?"

"आबा, दवाखान्यात मी काय शिक्के बघत बसू?"

"मग तो काटा म्हणजे खेळणं," आबा म्हणाले. ते शांतपणे बोलले, पण मुलाने बायकोकडे पाहिले, वडिलांकडे पाहिले, आणि वडिलांच्या बाजूने उभा राहिला. तीस वर्षांत आबांचा काटा कधी चुकला नव्हता. निळ्या काट्याला कोण ओळखत होते?

जुलैत आकडा अकराच्याही खाली गेला.

त्या रात्रीच्या जेवणानंतर मुलगा म्हणाला, "कुणीतरी घरी राहायला हवं. पाळणाघरात एका बाईच्या हाताखाली आठ मुलं. हिला कोण भरवणार?"

"कुणीतरी म्हणजे मीच ना?" सून म्हणाली.

"तसं नाही गं..."

"तसंच आहे. सरळ बोल की."

तिने आबांकडे पाहिले. आबा एक शब्द बोलले असते तर बात तिथेच संपली असती. पण त्यांच्या डोक्यात आकडा होता. त्यांनी मान खाली घालून म्हटले, "काही महिनेच. पोरगी जरा सावरली की पुन्हा जा."

"दुकान माझ्यासाठी थांबणार आहे का आबा?" एवढेच ती बोलली. मग उठली आणि भांडी घासू लागली. रोज ती भांडी घासताना गुणगुणत असे. त्या दिवशी फक्त भांडी वाजली. ठरले असे, की ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी पगार हाती आला की दुपारच्या सुट्टीला दुकान बंद होताना मालकांना सांगायचे.

तो शनिवार उजाडला. आबा खारूला घेऊन आवारात गेले. सकाळपासून त्यांचे कशात लक्ष लागत नव्हते. आजचा आकडा दहावर आला तर, हा विचार ते मनात येऊ देत नव्हते आणि तो येतच होता. शेवटची गाडी एका जाडजूड ड्रायव्हरची होती. हा माणूस दर आठवड्याला यायचा आणि दर आठवड्याला भांडायचा. माल उतरल्यावर तो केबिनच्या खिडकीत हात जोडून उभा राहिला.

"काटेवाले आबा, आज तरी सोडा. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. रिकामं वजन मागच्या वेळचंच धरा. शनिवार आहे, बायको वाट बघतेय."

"बायको वाट बघतेय म्हणून गाडीचं वजन थांबून राहतं का? घे काट्यावर."

ड्रायव्हरने कपाळावर हात मारला आणि गाडी काट्यावर घेतली. वजन मागच्या वेळेपेक्षा वीस किलोने कमी भरले. "बघितलंस?" आबा म्हणाले. "जादा चाक घरी काढून ठेवलंस ना? जुनं वजन धरलं असतं तर तुझाच माल वीस किलोने कमी दिसला असता." ड्रायव्हर मोठ्याने हसला.

खारू हे सगळे दारातून बघत होती. एकाएकी तिने दोन्ही हात पुढे धरले, चाक फिरवल्यासारखे केले आणि "पों पों" करीत पोत्यांच्या काट्याकडे आली. आबा तिला उचलायला वाकले.

"नाही! मी गाडी आहे," खारू म्हणाली. "आबा ड्रायव्हर. ड्रायव्हरने खाली उतरायचं."

"बरोबर आहे," ड्रायव्हर गंभीरपणे म्हणाला. "नियम म्हणजे नियम. उतरा आबा."

खारूने एक पाय ठेवला. टक्‌. तिने ओठ घट्ट मिटले, दुसरा पाय ठेवला आणि इंजिन बंद केल्याचा आवाज काढला. आबा दोन पावले मागे सरले. काचेत लाल आकडे धावले आणि थांबले.

चौदा किलो, पन्नास ग्रॅम.

आबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "काटा बिघडला," ते म्हणाले. त्यांचा आवाज त्यांना स्वतःलाच ओळखू आला नाही. खारूला उतरवून त्यांनी केबिनमधले वीस किलोचे लोखंडी वजन उचलून आणले. ते आणताना त्यांना मध्येच एकदा थांबावे लागले. वजन काट्यावर ठेवले. बरोबर वीस. एक ग्रॅम इकडे नाही, तिकडे नाही.

"काटा तर ठीक दिसतोय," ड्रायव्हर म्हणाला. "झालंय काय?"

आबांनी सांगितले. कडेवर घेऊन चढतो, एकाहत्तर वजा करतो, पोरगी सहा महिने घटतेय. ड्रायव्हर ऐकत राहिला. मग त्याने आबांकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. सदऱ्याची कॉलर मानेभोवती सैल झाली होती, आणि पट्ट्याला खिळ्याने पाडलेली दोन नवी भोके होती.

"आबा," तो म्हणाला, आणि या वेळी त्याच्या आवाजात भांडण नव्हते, "रिकामी गाडी तोला."

आबा काट्यावर चढले. सदुसष्ट किलो, दोनशे ग्रॅम.

खारूने आबांचा हात धरून विचारले, "आबा, तुमची गाडी लहान झाली?"

"हो गं," आबा म्हणाले. "माझ्या लक्षातच आलं नाही." आणि मग एकदम त्यांच्या लक्षात दुसरी गोष्ट आली. त्यांनी घड्याळाकडे पाहिले. सून. मालक. पगार. "अरे, मला बाजारात जायचंय! आत्ताच्या आत्ता!"

"बसा गाडीत," ड्रायव्हरने दार उघडले. "बायकोला सांगेन, काटेवाल्यांनी उशीर केला. ते ती लगेच मानेल."

चपलांच्या दुकानासमोर गाडी थांबली तेव्हा आतले अर्धे दिवे मालवले होते. सून जमिनीवर गुडघे टेकून एका लहान मुलाच्या पायात बूट घालत होती. अंगठ्यापुढे बोट दाबून ती त्याच्या आईला म्हणत होती, "एवढी जागा राहू द्या. मूल वाढतं, बूट वाढत नाही." गल्ल्यावर मालक पगाराची पाकिटे मोजत होते. ट्रकमधून उतरणारे सासरे आणि मुलगी पाहून सुनेच्या हातून बूट पडला.

"काय झालं? खारूला काय झालं?"

"काही नाही. काही झालेलं नाही. मालकांना सांगितलंस?"

"दुकान बंद करताना सांगणार आहे. आबा, काय झालंय?"

"सांगू नकोस," आबा म्हणाले. धाप लागल्याने त्यांनी गिऱ्हाइकांच्या बाकावर बसकण मारली. "पोरगी चौदा किलो आहे. निळा काटा बरोबर होता. तू बरोबर होतीस. घटलो तो मी."

सगळे ऐकून होईपर्यंत ती उभीच होती. आधी तिचा चेहरा लाल झाला. "सहा महिने, आबा! सहा महिने आपण त्या लेकराच्या तोंडात कोंबतोय. माझ्यासमोर ती ताट बघून रडायला लागली होती. आणि मी आईसारखी आई असून तिचं खरं मानलं नाही."

"हो," आबा म्हणाले. त्यांनी बचाव केला नाही.

मग तिची नजर त्यांच्या पट्ट्यावर गेली, तिथून कॉलरवर, तिथून गालांवर. चपलांच्या दुकानातली बाई, माप तिच्या डोळ्यांत होते. ती त्यांच्यासमोर तशीच गुडघ्यांवर बसली, जशी गिऱ्हाइकांसमोर बसे.

"आबा, कवळी टोचते ना?"

आबांनी दाराकडे पाहिले. "जरा."

"जरा किती?"

"वरची. डाव्या बाजूने. चावलं की कापते. मुलाने एवढ्या हौसेने बसवून दिली, त्याला काय सांगायचं? म्हणून भात कालवून..." ते थांबले. "आणि अंडं वगैरे मी तिला द्यायचो. मला वाटायचं, निदान तिच्या अंगी लागेल."

"लागलं की," सून म्हणाली. तिला हसू आले आणि त्याच वेळी डोळे भरून आले, त्यामुळे तिने ओढणीने दोन्ही एकदमच पुसले. "तिच्या अंगी लागलं आणि तुम्ही ते वजा केलंत. तुमचं आम्हाला दिसलंच नाही. चौघांच्या टेबलावर आम्ही एकाच ताटाकडे बघत बसलो होतो."

मालकांनी गल्ल्यावरून हाक दिली. "बाई, तुम्हाला माझ्याशी काही बोलायचं होतं ना?"

"हो," ती उठत म्हणाली. "सोमवारी सकाळी दोन तास उशिरा येईन. आमच्या आबांना दातांच्या डॉक्टरांकडे न्यायचंय."

मुलाला सांगणे सर्वांत अवघड गेले. त्याने वडिलांची कवळी हातात घेऊन उलटसुलट पाहिली, डाव्या बाजूची कड बोटाने चाचपली आणि बोट चटकन मागे घेतले. "मला का नाही सांगितलंत?" तो एवढेच म्हणाला. मग स्वयंपाकघरात गेला, बटाटे उकडले, दूध घालून लोण्यासारखे मऊ कुस्करले आणि वाटी वडिलांपुढे ठेवली. आबांनी पहिला घास घेतला. मुलगा समोर बसून एकटक बघत होता. सुनेने त्याच्या पाठीवर टपली मारली. "आता त्यांच्या तोंडाकडे बघत बसू नकोस. पुन्हा तेच सुरू करशील."

आबांच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या, त्यात काळजीचे काही निघाले नाही. दातांच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कवळी घासून सुधारण्यातली नाही, नवीच करावी लागेल. ती व्हायला तीन आठवडे गेले. तोवर घरात मऊ जेवण होते, आणि ते खारूला अजिबात आवडले नाही. तिने पावाचा कडक भाग मागितला, कोपऱ्यात बसून तो उंदरासारखा कुरतडला आणि गिळलाही. मोबाइलवरचे हत्ती बंद झाले. एखाद्या दिवशी ती तीन घासांत उठे, एखाद्या दिवशी बापाच्या ताटातले वाटाणे वेचून खाई. बाप तोंड उघडे, बायकोकडे पाही आणि त्या उघड्या तोंडात स्वतःचाच घास घाली. शेजारणीने पुन्हा दारातून विचारले तेव्हा सून म्हणाली, "आमच्याकडे उपाशी राहतात ते आजोबा. पोरगी नाही."

नवी कवळी बसली त्या संध्याकाळी आबांनी सफरचंदाची फोड उचलली आणि सावकाश चावली. त्या आवाजाने खारूने मान वर केली. तिला वाटले फोड तिच्यासाठी आहे, म्हणून तिने हात पुढे केला.

"ही माझी," आबा म्हणाले. "तुला हवी तर दुसरी घे. नको असेल तर राहू दे."

तिने विचार केला आणि राहू दिली.

कवळीचे पैसे मुलाने दोन हप्त्यांत द्यायचे कबूल केले होते. दुसऱ्या हप्त्याचे सातशे पन्नास रुपये डॉक्टरीणबाईंना अजून द्यायचे आहेत.